बिनगाण्याची रिक्षा

सकाळी रिक्षा बाहेर काढण्याआधी महादूकाका माईक तोंडाजवळ धरायचे आणि आळीला विचारायचे, "हॅलो, चहा झाला का?"

माईक चालू आहे की नाही ते बघायला बाकीचे लोक आकडे म्हणतात. काकांचं म्हणणं होतं, आकड्यांना कोण उत्तर देणार? चहाला मिळायचं. एका खिडकीतून "झाला" यायचं, दुसरीतून "दूध नासलं", आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नीलेश शर्टावरून नजर न काढता विचारायचा, "पाजताय का?" मग काका माईक हुकाला अडकवायचे, टपावरचा भोंगा ओल्या फडक्याने पुसायचे, फडकं कुंपणावर वाळत टाकायचे आणि ज्या दुकानाची जाहिरात असेल त्या दिशेला निघायचे. आळी जागी झाल्याचं आम्हाला त्यांच्यामुळे कळायचं, आणि आवाज पोचत असल्याचं त्यांना आमच्यामुळे.

त्यांचं नाव महादू संखे. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत आणि इकडे मनोरपर्यंत, रिक्षावर भोंगा लावून जाहिराती करणं हा त्यांचा धंदा. साड्यांचा सेल, नवं मेडिकल, क्लासचे प्रवेश, नळाला पाणी न येण्याची सूचना, हरवलेली शेळी. अंगाने काडी, पण आवाज एखाद्या भरल्या देहाच्या माणसाचा. पहिल्यांदा ऐकणारा वाकून रिक्षात बघायचा, आत आणखी कोणी बसलंय का म्हणून.

आवाजाच्या आधी गाणं यायचं. गाणं म्हणजे शब्द नसलेली एक धून. त्यांची मुलगी पूर्वी, तिच्या हळदीत बँडवाल्यांनी ती वाजवली होती आणि काकांनी तिथल्या तिथे भरून घेतली होती. तिच्यात मध्येच एक कुत्रं भुंकतं आणि कोणीतरी "भात आला का?" असं विचारतं. काकांनी ते कधी कापलं नाही. मनोरच्या बाजारातली मुलं कुत्र्याच्या जागी बरोबर भुंकायची.

एकाच कामाला हे गाणं नसायचं. किनाऱ्यावरच्या गावांत काका मयताची खबरही सांगत. ते काम त्यांनी कधी धंद्यात धरलं नाही. रिक्षा पायी चालणाऱ्याच्या वेगाने जायची. आधी नाव, मग कधी नेणार ते, बस. वर्षानुवर्षं ऐकून त्यातल्याच मुरबे गावाच्या कानांना हे इतकं सवयीचं झालं होतं की पुढचे शब्द ऐकायची गरज उरली नव्हती. गाण्याची रिक्षा आली की पोरं धावायची. बिनगाण्याची आली की बायका डोक्यावर पदर घेऊन दारात येऊन उभ्या राहायच्या.

छोटे दुकानदार काकांकडे जाहिरात द्यायला यायचे आणि बरंच काही ऐकून जायचे. बोईसरचा मिठाईवाला भाग्येश एकदा कागद घेऊन आला. सगळ्या मिठाईवर निम्मी सूट.

काकांनी कागद वाचला. "काल कितीला देत होतास?"

"पूर्ण भावाला."

"म्हणजे कालचं गिऱ्हाईक येडं?"

भाग्येशने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"रोज येणाऱ्या माणसाला कळलं की उद्या येणाऱ्याला तू निम्म्यात देतोस, तर तो काय म्हणेल? तो भांडणार नाय. तो फक्त यायचा बंद होईल. आधी त्याला बोलाव, त्याच्या हातावर गरम जिलबी ठेव. मग मला बोलाव."

भाग्येश फुगून निघून गेला. दोन-चार दिवसांनी जिलबीचा पुडा घेऊन परत आला आणि म्हणाला, "काका, तुमी माझं जुनं गिऱ्हाईक ना, म्हणून पहिलं तुमाला."

जे स्वतः पाहिलं नाही त्याची जाहिरात ते करत नसत. चपलांच्या दुकानात जाऊन चपला घालून फिरायचे, खानावळीत जाऊन आमटी ओरपायचे. ब्युटी पार्लरची जाहिरात आली तेव्हा काय करायचं हा प्रश्न पडला. तेव्हा मुलीला, पूर्वीला, माहेरी बोलावून पार्लरमध्ये पाठवलं होतं.

रूपल त्यांच्याकडे आली ती नवरात्र संपता संपता.

रूपल तांडेल मुरब्याची. पालघरच्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात तिने बरीच वर्षं नोकरी केली. आधी काचा घासल्या, मग फ्रेमी बसवल्या, आणि नोकरी करता करता डोळे तपासण्याचा डिप्लोमाही केला. मग एक दिवस नोकरी सोडून बोईसरला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत छोटा गाळा घेतला. पाटी लावली, 'रूपल ऑप्टिकल'. नोकरी सोडताना जुने शेठ हसून म्हणाले होते, "तुझी खुर्ची रिकामी ठेवतो." ते वाक्य तिच्या पायात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

गल्लीत माणसं यायची, पण भाजी घेऊन सरळ पुढे जायची. गाळ्याच्या मालकाने सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा मेहुल तयारच आहे. आणि मेहुल खरोखरच तयार होता. तो अधूनमधून येऊन "काय ताई, कसं काय" म्हणायचा आणि बोलता बोलता तिच्या शोकेसची लांबी वितीने मोजायचा.

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं गिऱ्हाईक कोण?"

"सगळेच. डोळे सगळ्यांना असतात."

"सगळे म्हणजे कोणच नाय. असं कर, कोणाच्या डोळ्यांची तुला काळजी वाटते त्याचं नाव सांग."

रूपल म्हणाली, "आईच्या. जवळ्याची सुकट निवडताना तिला कचरा दिसत नाय. हाताने चाचपते."

"मग आपलं गिऱ्हाईक मुरब्यात हाय. बोईसरला फिरवूच, पण मुरब्यात जायला पायजे."

रूपलने एकच अट घातली. गाणं नको. चष्म्याचं दुकान म्हणजे दवाखान्यासारखं असतं; जुन्या शेठकडे कसं सगळं शांत, गार असायचं. हळदीची धून आणि भुंकणारं कुत्रं तिला चालणार नव्हतं.

"शांत सांगा, काका."

"बरं," काका म्हणाले. गिऱ्हाईक म्हणेल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळभर ते बोईसरला गाण्याशिवाय फिरले. तिथे भोंग्यावरून मयत सांगायची पद्धत नाही, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. खरं तर कोणी लक्षच दिलं नाही. दुपारी जेवून काका मुरब्याकडे वळले. गावातला रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, म्हणून रिक्षा हळू. मुरब्याच्या माणसाला मुरब्याचं नाव आधी ऐकवावं, अशा चांगल्या हेतूने त्यांनी माईक हातात घेतला आणि सुरुवात केली, "मुरबे गावची लेक, रूपल पुंडलिक तांडेल…"

पुढचं कोणी ऐकलं नाही.

त्या वेळी रूपलची आई चंद्रकांताबाई घराच्या मागच्या अंगणात जवळा निवडत बसल्या होत्या. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. समोरच्या दारी काय झालं आणि मागच्या दारी काय झालं, हे पुढे त्यांनीच मला सगळ्यांच्या आवाजांसकट करून दाखवलं.

शेजारची हंसा धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "चंद्रकांते, गो चंद्रकांते, आपली रूपल गो."

"काय झालं रूपलला?"

"गेली गो."

"कुठे गेली? ही काय, बोंबील पाठवू नको म्हणते."

हंसामागून आणखी चार-पाच जणी आल्या. एकीने रडायला सुरुवात केली तशी दुसरीला थांबवता येईना. फोनमध्ये तो आवाज गेला.

"आई," रूपलने विचारलं, "कोण गेलं गो?"

"तू," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

इकडे काकांना आरशात दिसलं की रिक्षाच्या मागे पुरुष हाताची घडी घालून उभे आहेत, पोरांनी क्रिकेट थांबवलंय आणि प्रत्येक दारात पदर घेतलेली बाई आहे. त्यांनी घाबरून भोंगा बंद केला. त्याने गंभीरपणा आणखी वाढला. जाळं विणत बसलेले म्हातारे मारुतीबाबा सुई तशीच हातात घेऊन आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कधी नेणार?"

"कोणाला?"

"पोरीला."

तेव्हा काकांच्या लक्षात आलं. ते भोंगा चालू करून ओरडले, "कोण मेलं नाय. दुकान उघडलंय, दुकान." पण तोवर खबर वाऱ्याबरोबर खाडीपलीकडे गेली होती. संध्याकाळपर्यंत सातपाटी, डहाणू, वसई, जिथे जिथे तांडेलांचं कोणी होतं तिथून फोन येत राहिले. रूपल प्रत्येकाला सांगत होती, "मीच बोलते. हो, मी." एका मावशीला ते पटेना. ती म्हणाली, "मग दुसरी कोण रूपल होती आपल्यात?"

मेहुलही दुकानात आला. आधी हळहळला. ताई धडधाकट बसलेली पाहून ओशाळला. आणि जाताना, आलोच आहोत तर, प्लगचे पॉइंट कुठे कुठे आहेत ते बघून गेला.

दिवे लागायच्या सुमाराला रूपल आमच्या आळीत आली. काका ओट्यावर बसले होते. ती उभीच राहिली.

"काका, तुमी माझी जाहिरात केली का माझं…" तिने शब्द पुरा केला नाही. "हसायला नाय आलं मला. आत्या म्हणाली, त्या दुकानातून दिवाळीपर्यंत कोणी नवं काय घेऊ नये. अपशकुन झाला म्हणे. बोईसरचं कोण येत नाय, नि आता गावचंही येणार नाय. मला उद्या शेठच्या खुर्चीत जाऊन बसायला लागेल."

नीलेशने इस्त्री उभी करून ठेवली. काका काय म्हणतात याकडे आमचं सगळ्यांचं लक्ष होतं. 'तूच म्हणालीस गाणं नको', असं ते म्हणू शकले असते.

"तू माझं नवीन गिऱ्हाईक," ते म्हणाले. "मुरबे माझं जुनं. नव्याचं ऐकताना जुन्याला विसरलो. भाग्येशला एवढं शिकवलं नि स्वतः तेच केलं."

"मग आता?"

"उद्या सकाळी मुरब्याला चल. चुकलं त्या दारात आपण आधी जायचं. लोक विचारायला येतील म्हणून बसलो तर कोण येत नाय."

"मी येऊन काय करू?"

"काय नाय. जिवंत दिसायचं."

नीलेशला हसू आवरलं नाही. रूपलने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तिच्याही तोंडाचा कोपरा जरा हलला.

सकाळी ती मागच्या सीटवर बसली. मांडीवर काचांची पेटी, अंगात लाल ड्रेस, कारण पांढरा घालू नको असं आईने बजावलं होतं. गावाच्या वेशीपासूनच काकांनी धून लावली, नेहमीपेक्षा मोठ्याने. कुत्रं भुंकलं. पोरं धावत आली, रिक्षात डोकावली आणि ओरडत पुढे पळाली, "हाय, हाय, रूपलताय हाय."

चौकात रिक्षा थांबवून काकांनी गाणं बंद केलं आणि माईक रूपलच्या हातात दिला. तिने रात्री बसून लिहिलेला कागद पर्समधून काढला: माननीय ग्रामस्थ, अत्याधुनिक उपकरणांद्वारे नेत्रतपासणी. काकांनी तो हळूच काढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"मग काय बोलू?"

"मी रोज विचारतो ते."

बायका दारात येऊन उभ्या होत्या. पदर अजून डोक्यावर होते, म्हणजे अजून त्यांचं ठरत नव्हतं. ज्या गल्लीत रूपल लहानाची मोठी झाली, तिथे तिला एकदम पाहुण्यासारखं वाटलं. मग तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी रूपल. चाय झाली का?"

क्षणभर फक्त भोंग्याची खरखर. मग बोंबलांच्या दोऱ्यांमागून मारुतीबाबांचा आवाज आला, "आमची झाली. तुझ्या तेराव्याची राहिली."

पहिली हंसा हसली. आदल्या दिवशी सगळ्यात जास्त तीच रडली होती, त्यामुळे तो अधिकारही तिचाच होता. मग सगळी गल्ली हसली, आणि एकेक पदर खांद्यावर आला.

"खोटी खबर आली की आयुष्य वाढतं," हंसा म्हणाली. "पोरगी आता शंभर वर्षं जगेल."

"मग चष्म्याची गॅरंटी पण तेवढीच दे," मारुतीबाबा म्हणाले. "तू हायेस तवर चालला पायजे."

अंगणात खुर्ची मांडली गेली. सगळ्यात आधी चंद्रकांताबाईंना बसवलं. रूपलने त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, काचा बदलत गेली आणि अक्षरांचा तक्ता न दाखवता जवळ्याची टोपली समोर ठेवली. "आता बघ."

चंद्रकांताबाई बराच वेळ टोपलीत बघत राहिल्या. बोटाने एक काडी उचलली. मग शिंपल्याचा तुकडा. मग आणखी काहीतरी.

"अगो," त्या म्हणाल्या, "एवढा कचरा होता? नि हाच मी लोकांना विकला?"

"म्हणून तुझा जवळा कचकच लागायचा," हंसा म्हणाली. "मी म्हणत नव्हते. शेजारधर्म म्हणून."

मग मारुतीबाबांनी सुईत दोरा ओवून पाहिला. हंसाने आपल्या हातावरच्या रेषा पाहिल्या आणि तिला त्या आवडल्या नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनीच चष्मे करायला सांगितले असं नाही. पण बोईसरच्या बाजाराला मासळी घेऊन येणारी प्रत्येक बाई आता मागच्या गल्लीत डोकावून जाऊ लागली. येताना म्हणायची, "जिवंत हायेस ना गो?" रूपल म्हणायची, "या, नाडी बघा." पाठोपाठ भाजीवाल्या आल्या, कारण एवढ्या बायका इथे कशाला येतात ते त्यांना बघायचं होतं. त्यांच्यामागून कारखान्यांतले भैये आले. त्यांच्याशी रूपल हिंदीत बोलायची आणि त्यातही "चाय हुई क्या?" हे आधी असायचं.

चष्मा दिल्यावर काही दिवसांनी ती प्रत्येकाला फोन करायची. हे काकांनी तिला सांगितलं होतं. विकायच्या आधी सगळेच विचारतात. विकल्यावर एकदा विचार. "नाकाला टोचत नाय ना?" एवढंच ती विचारायची. दुसरं काही विकायची गोष्ट त्या फोनवर काढायची नाही, असा तिचा नियम आजही आहे. तो फोन आला की हंसा गल्लीभर सांगत सुटायची, "डोळ्याच्या डॉक्टरणीचा होता. चौकशी करत होती."

दिवाळीला गाळ्याचा मालक आला तो बायकोला घेऊन. तिला जवळचं दिसत नव्हतं. मेहुलला स्टेशनजवळ दुसरी जागा मिळाली आणि जाताना तो रूपलकडून गॉगल घेऊन गेला. जुन्या शेठना तिने फराळाचा डबा पाठवला आणि निरोप दिला, खुर्ची दुसऱ्याला द्या.

काकांची रिक्षा नंतरही फिरत राहिली. दुकानदार मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागले, कामं थोडी कमी झाली, पण बंद पडली नाहीत. कोणी चिडवलं की काका म्हणायचे, "मोबाइलला विचार ना, चहा झाला का. उत्तर आलं तर मी घरी बसतो." नव्या दुकानदाराला पहिल्या भेटीत ते मुरब्याची गोष्ट सांगायचे. स्वतःची चूक ते अशी रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याकडूनही एखादी अशी व्हावी.

यंदा श्रावणात, दुपारी जेवून पडले असताना झोपेतच काका गेले.

मुरब्याला खबर द्यायची होती आणि ती रिक्षातूनच द्यायला हवी, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. नीलेश चालवायला बसला, रूपल माईक घेऊन मागे. गावाच्या वेशीवर चंद्रकांताबाई चष्मा लावून वाट पाहत उभ्या होत्या. गाणं लावायचं की नाही, हे कोणालाच सुचत नव्हतं. पद्धत सगळ्यांना माहीत होती.

"लाव," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "एकदा बिनगाण्याचं फिरवलं त्याला, तर केवढा घोळ झाला."

नीलेशने बटण दाबलं. हळदीची धून पावसाने ओल्या झालेल्या गल्लीतून हळूहळू पुढे गेली. पोरं धावत आली. रूपलने नाव सांगितलं, महादू संखे, पालघर. बायकांनी पदर घेतले. कुत्र्याच्या जागी एक पोरगं सवयीने भुंकलं, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही.

गेले त्या दुपारी जेवायला आत जाताना काकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं होतं. मग कोपऱ्यावर नीलेशला हाक मारून ते म्हणाले होते, "फडकं वाळत घातलंय रे. सर आली तर तेवढं आत घे."